डाव्या बाजूचा होकार

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर कंपनीनं आम्हा पाच जणांना सुपरवायझर केलं. पाचही जण मशीनवरचे, कोकणातले, आठवी-दहावीपर्यंत शिकलेले. मुलुंडला आमचा पितळेच्या व्हॉल्व्हचा कारखाना होता. सहा महिने काम बघून मग पक्कं करणार, असं पत्रात लिहिलं होतं. वर्क्स मॅनेजर कोठारे साहेब म्हणाले, "बाहेरची पार्टी आली की तुम्ही नुसत्या माना हलवता. सुपरवायझरला इंग्रजीत बोलता आलं पाहिजे." म्हणून जानेवारीत इंग्रजीचा क्लास सुरू झाला. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन ते चार, कँटीनच्या वरच्या खोलीत. शिकवायला घाटकोपरहून अनुपमा टीचर यायच्या. वय पंचविशीच्या आसपास, आवाज मोठा.

तिसऱ्या धड्याला त्यांनी फळ्याच्या मधोमध खडूनं उभी रेघ मारली. डाव्या बाजूला लिहिलं, आय ॲग्री, आय क्वाइट ॲग्री, आय हॅव नो ऑब्जेक्शन, दॅट इज ॲक्सेप्टेबल. उजव्या बाजूला लिहिलं, ओके, ऑल राइट, शुअर, फाइन. दोन्हीकडे अर्थ एकच, समोरच्याचं म्हणणं मान्य आहे. डावी बाजू साहेबांसाठी आणि कागदासाठी. उजवी मित्रांसाठी आणि घरासाठी.

"साहेबांना ओके म्हटलं तर उद्धट वाटतं," टीचर म्हणाल्या. "आणि मित्राला आय क्वाइट ॲग्री म्हटलं तर तो हसेल."

मागून एकानं विचारलं, "टीचर, बायकोला कुठलं?"

"उजवं."

"आमची उजव्यानं ऐकत नाय."

मी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि घरी जाऊन पाठ करत बसलो. माझी बायको रत्नप्रभा भाकऱ्या थापत होती. ती चौथी शिकलेली. तिनं मला सगळे शब्द वाचून दाखवायला लावले.

"म्हणजे साहेब बोलता ता तुमका पटला, इतक्याच ना?"

"हां."

"मगे त्येका आठ शब्द कित्याक? व्हय म्हणूचा."

"इंग्रजीत माणूस बघून व्हय म्हणतत."

"आणि नाय म्हणूचा झाला तर?"

"ता अजून शिकवूक नाय."

"आधी ता शिकवूक व्हया होता," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

त्यानंतर तीन-चार दिवस ती मला प्रत्येक गोष्टीत ओके म्हणत होती. भात वाढतंय, ओके? दिवो घालवतंय, ओके? आमची मुलगी उत्तरा तेरा वर्षांची होती. तिला याचं फार हसू यायचं.

आता धर्माचं सांगतो. धर्मा भट्टीवर होता. पितळ वितळवायची मूस त्याच्या ताब्यात. कंपनीची चाळ कारखान्याच्या मागेच होती, तिथे तो आणि त्याची बायको मंजुळा आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. आमच्या कोकणात देवापुढं गाऱ्हाणं घालतात. एक जण मोठ्यानं मागणं सांगत जातो आणि प्रत्येक मागण्यानंतर थांबतो. तो थांबला की जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, व्हय म्हाराजा. लहानपणापासूनची सवय असते. मागणं काय आहे याकडे निम्म्यांचं लक्षही नसतं. कारखान्यात दसऱ्याला मशीनची पूजा झाली की गाऱ्हाणं धर्मा घालायचा.

त्या वर्षी त्यानं सुरुवात नेहमीसारखी केली. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरांनी तुझी जी काय सेवा केली हा, ती मानून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"मशिनीत कोणाचा बोट जाव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि कँटीनच्या चायत दूध दिसूंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. पुढं हात जोडून उभे असलेले कोठारे साहेबही म्हणाले. साहेबांनी देवासमोर दूध कबूल केलं म्हणून लोक आठ दिवस हसत होते. धर्मानं ते हसण्यावारी नेलं नाही. त्यानं कँटीनबद्दल कागद तयार केला, एकशेचाळीस सह्या घेतल्या आणि ऑफिसात नेऊन दिला. तेव्हापासून तो साहेबांच्या मनातून उतरला.

चौथा धडा मंगळवारी होता. त्या दिवशी आम्हाला होकार तोंडी म्हणून दाखवायचे होते. कोठारे साहेब स्वतः येऊन मागच्या बाकावर बसले होते. कोणाला पक्कं करायचं ते यावरून ठरणार, असं सगळे म्हणत होते. सव्वातीनच्या सुमाराला धर्मा दारात येऊन उभा राहिला. मी उठून दारापर्यंत गेलो.

"वयनी मोरीत पडली हा," तो हळू म्हणाला. "मंजुळा गेटार इली हा सांगूक. शुद्ध नाय म्हणता."

रत्नप्रभाला डिसेंबरात दोनदा चक्कर आली होती. दोन्ही वेळा लिंबूपाणी घेऊन ती उठून कामाला लागली होती. मला वाटलं तसंच असेल.

"तू फुडे हो," मी म्हटलं. "रिक्षा कर, हॉस्पिटलात ने. मी येतंय मागसून."

"आणि भट्टी? मूस तापली हा."

"भट्टी मी बघतंय. तू जा."

"गेटपास?"

"मागसून सही करतंय. जा तू."

तो गेला. भट्टीवर कोणाला तरी पाठवायला मी जिन्याकडे वळलो, तेवढ्यात टीचर म्हणाल्या, "मिस्टर दत्ताराम, नेक्स्ट." माझी पाळी होती. साहेब माझ्याकडे बघत होते. दोन मिनिटांचं काम, असं मनाशी म्हणून मी आत जाऊन उभा राहिलो. टीचरनी विचारलं, साहेब म्हणाले की उत्पादन वाढलं पाहिजे, तर तुम्ही काय म्हणाल? मी म्हटलं, "आय क्वाइट ॲग्री विथ यू, सर." साहेब हसले. मग ते स्वतःच एकेक वाक्य घालायला लागले आणि मी मान्य करत गेलो. आठ-दहा वेळा केलं. "गुड," साहेब म्हणाले. मी खाली बसलो.

बसल्यावर मी उठलो नाही. साहेब बसलेले असताना मध्येच उठून जाण्यासाठी माझ्याकडे इंग्रजी वाक्य नव्हतं. मराठीत सांगता आलं असतं. ते तेव्हा सुचलं नाही, असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. खरं तर सुचलं होतं. क्लास चारला दहा मिनिटं असताना सुटला.

हॉस्पिटलच्या दारात धर्मा उभा होता. रत्नप्रभाच्या चपला त्याच्या हातात होत्या. मी आत जायला लागलो तर त्यानं माझा दंड धरला.

"रिक्षात जिवंत होती रे," तो म्हणाला. "शुद्धीवर इली. बोलली."

"काय?"

"खंय आसत, म्हणून विचारल्यान. तुझ्याबद्दल."

"तू काय सांगलंस?"

"वाटेर आसत म्हटलंय."

मेंदूत रक्त आलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. आधी आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं, असंही म्हणाले. मला त्यातलं दुसरंच वाक्य सारखं आठवतं.

भट्टीचा मला पूर्ण विसर पडला होता. बर्नर तसाच चालू राहिला, मूस तडकली, पितळ भट्टीत उतरलं. हे मला तेराव्यानंतर कामावर गेलो तेव्हा कळलं. धर्माला तोपर्यंत सस्पेंड केलं होतं. परवानगीशिवाय कामाची जागा सोडली आणि कंपनीच्या मालाचं नुकसान केलं, असा आरोप. इन्क्वायरी बसणार होती. त्यात तो दोषी ठरला की नोकरी जाणार आणि नोकरीबरोबर चाळीतली खोली.

पहिल्याच दिवशी कोठारे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाले. चहा मागवला. रत्नप्रभाबद्दल हळहळले. मग म्हणाले, "दत्ताराम, त्या दिवशी धर्मा दारात आला होता. तू त्याला जा म्हणालास का?"

मी तोंड उघडलं.

"थांब. विचार करून सांग. तू जा म्हणाला असशील तर त्यानंतर भट्टी तुझ्या ताब्यात होती, असं होतं. मग चार्जशीट तुला. तू अजून पक्का नाहीस, तुला तर इन्क्वायरीपण लागत नाही. खोली कंपनीची आहे. मुलगी केवढी आहे तुझी?"

"तेरा."

"हं." त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "मला वाटतं तो तुला फक्त निरोप सांगून गेला. निघून गेला तो स्वतःच्या मनानं. असंच ना?"

मी कप हातात घेतला.

"ऑल राइट?"

मी म्हटलं, "ऑल राइट."

दोन दिवसांनी माझा जबाब टाइप होऊन आला. दोन पानं, इंग्रजीत. इन्क्वायरीत तो वाक्यावाक्यानं वाचून माझ्याकडून मान्य करून घेणार होते. मी तो डिक्शनरी घेऊन वाचला. एकूण अकरा वाक्यं होती. सातवं वाक्य असं होतं की, मी धर्माला जायची परवानगी दिली नाही आणि त्यानं ती मागितलीही नाही. बाकीची दहा खरी होती.

त्या दिवसांत माझी दुसरी पाळी असायची. उत्तरा शाळेतून आली की मंजुळाकडे बसायची, तिथंच जेवायची. मी रविवारी त्यांच्याकडे जेवायचो, बाकीच्या दिवशी माझं ताट झाकून माझ्या खोलीत ठेवलेलं असायचं. धर्मा घरीच असे. आम्ही इन्क्वायरीबद्दल बोलत नव्हतो. एका रविवारी मंजुळानंच विषय काढला.

"भावजी, इन्क्वायरीत तुमका बोलवल्यानी हा म्हणतत."

"हां."

"मगे झाला. मी ह्यांका तेच सांगतंय, दत्ताराम भावजी आसत, कित्याक जीव काढतास? तुम्ही सांगलात काय मिटला."

"गप रव गो," धर्मा म्हणाला.

"गप कित्याक? परक्याबद्दल बोलतंय मी?"

"त्येका जेवूंदे."

तिनं माझ्या ताटात आणखी एक बांगडा वाढला. मी तो खाल्ला.

मला दोन्हीतलं काहीच करायचं नव्हतं. धर्माविरुद्ध बोलायचं नव्हतं आणि उत्तराला घेऊन रस्त्यावर यायचं नव्हतं. एका सकाळी पाळीवर जायच्या आधी मी अनुपमा टीचरना भेटायला घाटकोपरला गेलो. त्या घरी मुलांच्या शिकवण्या घेत होत्या. त्यांना रत्नप्रभाचं कळलं होतं. त्यांनी मला पाणी दिलं.

मी म्हटलं, "टीचर, मला एक होकार सांगा. म्हटला तर होकार, पण पुढं कोणाला तो धरून ठेवता येऊ नये."

"म्हणजे?"

"ढिला."

त्यांनी जरा विचार केला. "मग उजव्या बाजूचेच. ओके, ऑल राइट. बोलण्यात ते चालतात. ओके म्हणजे कळलं, चालू द्या, एवढंच. डाव्या बाजूचं तसं नाही. आय ॲग्री म्हटलं की ते तुमचं झालं."

"साहेबांपुढं ओके म्हटलं तर?"

"वाईट दिसेल. पण गुन्हा नाही." त्या माझ्याकडे बघत होत्या. "कशासाठी हवंय?"

"असंच." मी उठलो. दारात आठवण झाली म्हणून विचारलं, "आणि नाही म्हणायचं असलं तर?"

"तो सातवा धडा होता," त्या म्हणाल्या. "तुमच्या कंपनीनं सहाच घेतले. मी कोठारे साहेबांना म्हटलं होतं, एक वाढवा. ते म्हणाले, एवढे पुरेत." मग म्हणाल्या, "तुम्हाला हवं तर आत्ता सांगते, पाच मिनिटांचं आहे."

मी म्हटलं नको. तेव्हा मला ओकेचा आधार वाटत होता. प्रत्येक वाक्याला नुसतं ओके म्हणायचं. मान्य आहे असंही नाही आणि नाही असंही नाही. पुढे कोणी विचारलंच तर म्हणता येईल, मी फक्त ऐकत होतो. आणि धर्मा तर समोर असणारच. आरोपीला साक्षीदाराला प्रश्न विचारता येतात. त्यानं विचारलं, दत्ताराम, तू मला पाठवलंस की नाही, तर मी खरं सांगणार होतो. माणसानं तोंडावर विचारल्यावर खोटं बोलण्याइतका मी वाईट नव्हतो, असं मला वाटत होतं.

इन्क्वायरी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली. जागा नेमकी कँटीनच्या वरचीच खोली होती. इन्क्वायरी ऑफिसर म्हणून ठाण्याचे एक म्हातारे वकील आले होते. त्यांच्या शेजारी टायपिस्ट. एका बाजूला कोठारे साहेब. समोर धर्मा, आणि त्याच्या बाजूनं बोलायला पॉलिशिंग खात्यातला काशीराम. धर्मानं धुतलेला शर्ट घातला होता.

वकिलांनी माझा जबाब हातात घेतला. "इंग्रजीत आहे. मराठीत सांगायला हवं का?"

"त्याला इंग्रजी येतं," कोठारे साहेब म्हणाले. "कंपनीनं क्लास दिलाय."

"मग बरं. मी एकेक वाक्य वाचतो. तुम्ही मान्य आहे की नाही ते सांगा."

पहिलं वाक्य माझ्या नावाचं आणि हुद्द्याचं होतं. ते वाचून वकील थांबले.

"ओके," मी म्हटलं.

टायपिस्टचे हात तसेच राहिले. वकिलांनी चष्म्यावरून बघितलं. "ओके असं रेकॉर्डवर जात नाही. आय ॲग्री म्हणा, नाही तर आय डू नॉट ॲग्री म्हणा. दोन्हींपैकी एक."

"सर, ओके म्हणजे..."

"ओके म्हणजे काय ते मला माहीत आहे. आय ॲग्री?"

माझं नाव खरंच होतं. मी म्हटलं, "आय ॲग्री." टायपिस्टनं ते टाइप केलं.

वकिलांचा आवाज एकसुरी होता. ते वाक्य वाचायचे, शेवटच्या शब्दावर जरा लांबायचे आणि थांबायचे. मी किती साली कामाला लागलो. आय ॲग्री. सुपरवायझर कधी झालो. आय ॲग्री. भट्टीखातं माझ्या देखरेखीखाली आहे. आय ॲग्री. त्या दिवशी मी क्लासला होतो. आय ॲग्री. पाचव्या वाक्यापर्यंत मी शब्द ऐकत होतो. मग मी धर्माकडे बघितलं. तो खाली टेबलाकडे बघत होता. हाच माणूस दसऱ्याला असा वाक्यावाक्याला थांबायचा आणि आम्ही म्हणायचो. वकील थांबले. मी म्हटलं. ते पुन्हा थांबले. मी पुन्हा म्हटलं. टाइपरायटरची खडखड झाली आणि धर्मानं मान वर केली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की सातवं वाक्य होऊन गेलं होतं.

मी ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडात सवय होती, ती बोलली. पण ती बोलून गेल्यावर मी थांबवलंही नाही. आठवं वाक्य आलं. आय ॲग्री. नववं. अकराव्यापर्यंत मी तसाच म्हणत गेलो, कारण मधूनच थांबलो तर सगळे सातव्याकडे बघतील अशी मला भीती वाटत होती.

वकिलांनी कागद खाली ठेवला. धर्माला मराठीत म्हणाले, "साक्षीदारानं सांगितलंय की त्यांनी तुम्हाला परवानगी दिली नव्हती. तुम्हाला त्यांना काही विचारायचंय?"

मी सरळ बसलो. आता तो विचारणार होता.

"काय विचारूचा नाय माका," धर्मा म्हणाला.

काशीरामनं त्याला कोपरानं ढोसलं. "विचार रे. पाठवलंस की नाय, इतक्याच विचार."

"नाय विचारूचा."

"अरे नोकरी जातली तुझी."

"काशीराम, माझ्या तोंडात शब्द घालू नको." मग तो वकिलांकडे वळून जपून मराठीत बोलला. "साहेब, मी विचारलं तर त्याला सांगावं लागेल, त्या वेळी तो कुठे बसला होता. आणि वहिनी कुठे होत्या. ते मी त्याला इथे, ह्या लोकांसमोर विचारणार नाही. तुम्ही काय लिहायचं ते लिहा."

वकील कोठारे साहेबांकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, "नो क्वेश्चन्स. तसं रेकॉर्ड करा." टायपिस्टनं केलं. मग दोन्ही पानं माझ्यापुढं आली आणि साहेबांनी खिशातलं पेन काढून त्यावर ठेवलं. "सही कर," ते अगदी घरच्यासारखे म्हणाले. "ऑल राइट?"

मला पळायला जागा नव्हती. धर्मानं विचारलं असतं तर खरं बोलणं ही त्याची मागणी झाली असती आणि मी ती पुरी केली असती. आता माझ्याकडे कोणीच काही मागत नव्हतं. सही केली असती तर खोली राहिली असती, उत्तराची शाळा राहिली असती, आणि रात्रीचं ताटही आलं असतं. मंजुळानं नसतं दिलं तरी धर्मानं द्यायला लावलं असतं. ते मला दिसत होतं.

मी पेन उचललं नाही. वकिलांना म्हटलं, "साहेब, सातवं वाक्य खोटं आहे."

"तुम्ही आत्ताच मान्य केलंत."

"केलं."

"मग?"

"चुकीचं केलं. मी त्याला पाठवलं होतं."

"दत्ताराम," कोठारे साहेब म्हणाले. "पाणी पी. पाच मिनिटं बाहेर चल."

"नको साहेब."

वकिलांनी साहेबांना हातानं थांबवलं. ते म्हातारे गृहस्थ होते, मला वाटतं त्यांना या कामाचा कंटाळा आला होता. "काय झालं ते सांगा. मराठीत सांगा. मी इंग्रजी करतो."

मी सांगितलं. बायको मोरीत पडली. धर्मा सांगायला आला. मी त्याला जा म्हटलं. त्यानं भट्टीचं विचारलं, गेटपासचं विचारलं, मी म्हटलं मी बघतो. मग मी आत येऊन उभा राहिलो आणि भट्टीचं कोणालाही सांगितलं नाही. क्लास सुटेपर्यंत बसून राहिलो. एवढं बोलायला मला तीन-चार मिनिटं लागली असतील.

पुढं काय झालं ते इथेच सांगून टाकतो. धर्मा मे महिन्यात भट्टीवर परत गेला. मला सुपरवायझर म्हणून पक्कं केलं नाही आणि नंतर पंधरा दिवसांत कामावरूनच काढलं. खोली सोडून मी आणि उत्तरा मानखुर्दला माझ्या मावसभावाकडे गेलो. धर्मा सामान पोचवायला आला होता. मंजुळा आली नाही. सातव्या वाक्याला मी आधी होय म्हटलं होतं, हे तिला काशीरामकडून कळलं होतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या खोलीत वकिलांनी माझं बोलणं इंग्रजीत टाइप करून घेतलं. शेवटी कोठारे साहेब म्हणाले, "आणखी एक वाक्य घाला. क्लासमधून जायला त्याला कोणीही अडवलं नव्हतं. हे खरं आहे ना? मग येऊ द्या."

वकिलांनी तेही घातलं. टायपिस्टनं कागद काढून त्यांच्या हातात दिला आणि नवा कागद मशीनमध्ये चढवला.

"आता हे वाचतो," वकील म्हणाले. "नीट ऐका. या वेळी घाई करू नका."

त्यांनी पहिलं वाक्य वाचलं. माझी बायको घरी बेशुद्ध पडली आहे हे मला सव्वातीन वाजता कळलं. ते थांबले. मी म्हटलं, आय ॲग्री. धर्माला मी पाठवलं. आय ॲग्री. भट्टीची जबाबदारी मी घेतली आणि पार पाडली नाही. आय ॲग्री. क्लास संपेपर्यंत मी जागेवर बसून होतो, तेव्हा माझी बायको जिवंत होती. इथं त्यांचा आवाज जरा खाली आला. आय ॲग्री. टायपिस्ट प्रत्येक वेळी टाइप करत होती.

मग त्यांनी शेवटचं वाचलं. नोबडी प्रिव्हेंटेड मी फ्रॉम लीव्हिंग.

"साहेब," धर्मा खुर्चीतून अर्धवट उठला. "ता लिवू नका. त्याची काय गरज नाय."

"बसा तुम्ही," वकील म्हणाले. ते माझ्याकडे बघत होते, कोठारे साहेबही बघत होते. "तुमचं उत्तर?"

मी ते वाक्य मनात मराठीत करून बघितलं. मग आणखी एकदा करून बघितलं. त्यात काहीच चुकीचं नव्हतं.

"आय ॲग्री," मी म्हटलं.